डोलू गायत्याचा दुसरा जबाब

सर,

तुम्ही गेल्याचं मला सहा दिवसांनी कळलं. नाला दुथडी भरून वाहत होता, गाडी पलीकडच्या काठावरूनच परत फिरत होती, आणि कंडक्टरनं तिकडूनच ओरडून सांगितलं, "बाई, तुमचे चांद्याचे सर गेले जी." पहिल्याच वेळी मला नीट ऐकू आलं होतं. तरी मी त्याला दोनदा ओरडायला लावलं. मग शाळेत येऊन दुसरीच्या वर्गाला पाढे म्हणायला लावले, कारण पाढे चालू असले की बाईंच्या तोंडाकडे कोणी बघत नाही.

म्हणजे तुम्हाला पोचवायला मी नव्हते. शोकसभेलाही नव्हते. तिथं तुमचे लेख, तुमच्या पदव्या, सगळं क्रमवार वाचलं म्हणे, आणि एका वक्त्यानं तुम्हाला जंगलातल्या माणसांचे कैवारी म्हटलं. तुम्ही असता तर मागच्या बाकावरून उठून विचारलं असतं, "याले आधार काय?" आणि चांगल्या सभेचा विचका करून चहा न पिता निघून गेला असता. तुमच्या घरून काकूंनी लिहिलं, सगळेच फार छान बोलले. त्या एका ओळीवरून कळलं की त्यांनाही तेच वाटत होतं.

मला तुमच्याबद्दल छान बोलता येणार नाही. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय. ते ज्या जबाबावरून झालं, तो जबाब तुमच्यामागे पुन्हा एकदा झाला, आणि तो मी कोणाला सांगायचा? काकूंना सांगून त्यांना त्रास, आणि शाळेतल्या हेडमास्तरांना सांगून काही उपयोग नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. न वाचता ठेवून द्यायची तुमची सवय नव्हती.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा तुमच्या हातात एक छत्री आणि एक पत्र्याची पेटी होती. शाळेच्या पायरीवर बसून तुम्ही बुटातले खडे काढत होता. म्हणालात, "तुमाले माडिया येते म्हणे." मी म्हटलं, सहा वर्षं इथं काढून आली नसती तर मी वर्गात भिंतीशी बोलले असते का? तुम्हाला दुभाषी हवा होता. मला बदली हवी होती. दर उन्हाळ्यात माझा अर्ज जायचा, कारण माजरीला बाबा खाणीतून खोकत घरी यायचे आणि त्यांच्याजवळ कोणी नव्हतं. तुम्ही म्हणालात, महिनाभराचंच काम आहे. तो महिना चार वर्षं चालला. अर्ज करायचं मी कधी सोडलं, ते माझं मलाही आठवत नाही.

इरुकगुडा माझ्या शाळेपासून दीड तासाच्या वाटेवर. सतरा-अठरा घरं. तुम्हाला त्या गावाच्या मागची पहाडी हवी होती. जमीनदारीच्या काळातल्या कागदांत तिचा उल्लेख तुम्हाला सापडला होता, आणि त्यानंतरच्या सरकारी नकाशात ती नुसती हिरवी रंगवलेली होती. तुमचा प्रश्न साधा होता: या हिरव्या रंगाच्या खाली माणसं कुठे गेली?

ते उत्तर तुम्हाला डोलूदादानं दिलं. डोलू गावाचा गायता, म्हणजे पेरणीच्या आधी गावाच्या वतीनं मातीला विचारणारा माणूस. बियांच्या सणाला, विज्जा पंडुमला, त्यानं विचारल्याशिवाय कोणी मूठभर कोसरीचे बारीक दाणेसुद्धा फेकत नाही. तो पुढे, मी मध्ये, तुम्ही मागे धापा टाकत, अशी आपली वरात चालायची. मला आधी नुसतं जंगल दिसायचं. डोलूदादा थांबायचा आणि म्हणायचा, इथी माह्या बापाचा पेंडा होता. पेंडा म्हणजे झाडं तोडून, जाळून, दोन-तीन वर्षं पेरायचं आणि मग बरीच वर्षं सोडून द्यायचं असं शेत. तुम्ही विचारायचात, कशावरून? तो हात दाखवायचा. सगळीकडे मांडीएवढी कोवळी झाडं, आणि त्यांच्यात मध्ये मध्ये दोन माणसांच्या कवेत न मावणारे मोह. पेंडा तोडताना मोहाला कोणी कुऱ्हाड लावत नाही. बाकीचं रान नवं आणि मोह तेवढे जुने, म्हणजे इथं शेत होतं.

तुम्ही त्या दिवशी खाली बसलात. मग पेटीतून सुतळी काढून मोहाचे बुंधे मोजायला लागलात. पुढे पूर्ण पहाडी आपण अशी मोजली. सरकारी नकाशावर जिथं काही नव्हतं तिथं तुमच्या नकाशावर एकेक जुनं शेत उगवत गेलं, कोणाच्या बापाचं, कोणाच्या आजाचं, कोण किती वर्षांनी परत आलं. ते फिरत होते, पण त्याच एका पहाडीच्या आत फिरत होते. पळून कुठेच गेले नव्हते. हे तुम्ही मला संध्याकाळी डब्यातलं लोणचं चाटत चाटत समजावून सांगितलंत, आणि मी, जिनं इतिहास म्हणजे सनावळ्या समजून परीक्षा दिली होती, दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना विचारलं, तुमच्या आजाचा पेंडा कुठी होता? एकही हात खाली राहिला नाही. त्या वर्गात मी सहा वर्षं शिकवत होते, सर, आणि त्यांना एवढं काही येतं हे मला माहीत नव्हतं. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे. हे तुम्ही असताना म्हणायला हवं होतं.

तुमची एक खोड मात्र जीव खायची. माणूस जे बोलला ते लिहून झालं की तुम्ही मला ते त्याला पुन्हा त्याच्या भाषेत वाचून दाखवायला लावायचात, आणि विचारायचात, "हेच बोलले ना तुमी?" नाही म्हणाला की खोडा, पुन्हा लिहा, पुन्हा वाचा. एका म्हातारीनं बोलता बोलता जंगल खात्याच्या कुठल्या तरी जुन्या नाकेदाराला आईबहिणीवरून शिवी घातली होती. तीही तुम्ही मला जशीच्या तशी वाचायला लावलीत. मी शाळेतली बाई, माझे कान लाल झाले. म्हातारी मात्र खूश झाली आणि आणखी एक सांगितली. डोलूदादा तुम्हाला कागदभाऊ म्हणायचा. एकदा मला म्हणाला, "हा माणूस आपलं बोलणं आपल्यालेच वापस देते. बाकीचे घेऊन जाते."

पोलीस कॅम्पवर तुमची पेटी उघडली होती तो दिवस आठवतो? माडियातल्या झाडांच्या नावांची यादी बघून हवालदाराला ती सांकेतिक भाषा वाटली. मी घाबरून गेले होते. तुम्ही त्याला मोहाच्या बुंध्यावरून शेताचं वय कसं ओळखायचं हे सांगायला बसलात. तासाभरानं त्यानंच हात जोडले आणि चहा पाजून आपल्याला बसमध्ये बसवून दिलं.

तोपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं.

मग पहाडीवरचं रान साफ करून तिथं एकजात सागवान लावायचं ठरलं, आणि त्याआधी गावाचा काही हक्क आहे का याची चौकशी लागली. तुमचा आनंद मला अजून दिसतो. तुमच्याकडे सगळं तयार होतं. नकाशा, मोहांची मोजणी, जमीनदारीच्या कागदांच्या नकला. तुम्ही म्हणालात, "बाई, इतिहासाचा कोणाले काई उपयोग झाला असं पहिल्यांदाच होऊन राह्यलं."

चौकशीचे साहेब वाईट नव्हते. गोटुलसमोरच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घरासमोरच्या अंगणात टेबल मांडलं होतं. त्यांनी तुमचा नकाशा नीट पाहिला, दोनदा मान डोलावली. मग म्हणाले, एकच औपचारिक प्रश्न राहिला, गावाच्या प्रमुखाला विचारा, ही पहाडीवरची जमीन तुमची आहे का?

मी माडियात विचारलं. डोलूदादानं आधी साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी चावट बोलले असं त्याला वाटलं असावं. त्याचं बोलणं माडियातलं, मी आपल्या इकडच्या बोलीत लिहिते. तो म्हणाला, "नाई. आमची कशी राहीन? माती माह्या आजाच्याई आधीपासून हाये. आमी इचारतो, तं ते पेरू देते. एखांद्या साली नाई देत."

आता काय होणार हे मला दिसलं. मी साहेबांकडे वळून सुरुवात केली, "हो म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या आम्हीच..." आणि तुम्ही हात वर केलात. तेवढी माडिया तुम्हाला आली होती. "बाई, जे बोलला तेच सांगा. आपल्या पदरचं नको."

मी तेच सांगितलं. साहेबांनी एका शब्दात लिहिलं, नाही. मातीचं, आजाचं, विचारण्याचं लिहायला त्यांच्या कागदावर रकाना नव्हता. तुम्ही मात्र तुमच्या वहीत पूर्ण लिहून घेतलंत, मला वाचून दाखवायला लावलंत, डोलूदादानं हेच बोललो म्हणून सांगितलं, तुम्ही त्याचा अंगठा घेतलात. आणि सर, त्या वेळी तुमचा चेहरा खुलला होता. इतकी वर्षं तुम्ही ज्या वाक्याच्या मागे होतात ते तुम्हाला मिळालं होतं. टेबलाच्या पलीकडे गाव जात होतं, आणि अलीकडे तुम्ही खूश होता. मी तुमच्यावर रागावले ती हात वर केल्याबद्दल नव्हे. ती त्या चेहऱ्याबद्दल.

पुढचं तुम्ही बघितलं नाही, मी बघितलं. दिवाळीनंतर कुऱ्हाडी आल्या. साग लावायचा तर मोह मध्ये नको, म्हणून मोहही गेले. बाया पहाडीच्या पायथ्याशी बसून होत्या, ओरडत नव्हत्या, रडत नव्हत्या, एकेक झाड पडलं की त्याची फुलं जे घर वेचायचं त्या घराचं नाव कोणीतरी घ्यायची. चैतात वेचायला मोह नाही, पावसाळ्यात पेरायला पेंडा नाही. त्या वर्षी अर्धं गाव खाली तेलंगणाकडे मिरची तोडायला गेलं. डोलूदादाची थोरली सून उंगी पण गेली, आणि तिच्यासोबत तिची लेक रैनी, माझ्या दुसरीतली. रैनी तिकडेच तापानं गेली. उंगी परत आली तेव्हा मी तिच्या घरी गेले. ती घरातून बाहेर आली, मला पाहिलं, आणि परत आत जाऊन मागच्या दारानं निघून गेली. तिच्या दृष्टीनं साहेबांना नाही म्हणणारं तोंड माझं होतं. तिचं काही चुकत नव्हतं.

मी तडक चांद्याला आले. काकूंनी ताट वाढलं होतं. तुम्ही म्हणालात, मी एक जागा खोटी लिहिली तर माझ्या शंभर खऱ्या जागा खोट्या ठरतील. मी म्हटलं, त्या शंभर जागा वाचायला रैनी कुठे आहे? तुम्ही म्हणालात, "डोलूचा इचार जगात कुठी लिहून ठेवला नाई बाई. मी नाई लिहिला तं तो गेलाच समजा." मी म्हटलं, विचार राहिला आणि डोलू गेला तर ते तुमच्या पुस्तकाला चालेल.

आणि मग ते बोलले. मालगुजाराच्या घरात जन्मलात, सर, सातबारा तुमच्याकडे पाळण्यापासून आहे, तुम्हाला खरं बोलणं परवडतं. माझा आजा दुसऱ्याच्या बांधावर जन्मला आणि बांधावरच मेला. त्याला कोणी विचारलं असतं, ही जमीन तुझी का, तर तोही नाहीच म्हणाला असता, आणि त्यात काही थोर विचार नव्हता. माझी म्हणायला आमच्या घराला छप्पन सालच्या दीक्षेपर्यंत थांबावं लागलं, आणि जमिनीचं नव्हे, आधी स्वतःच्या अंगाबद्दल म्हणावं लागलं. तुम्ही चष्मा काढून धोतराला पुसत राहिलात. मी भरल्या ताटावरून उठले. बोलले त्यातलं एकही अक्षर मी मागे घेत नाही. पण ताटावरून उठायला नको होतं.

त्यानंतर दोन वर्षं पत्र नाही. शेवटचं बघितलं ते मार्कंड्याला, जत्रेत. मी बाबांना डॉक्टरकडे नेऊन परत येत होते आणि बस तिथं थांबली होती. तुम्ही वैनगंगेच्या काठावर उभे होता, केवढे वाळला होता. नदीनं काठ किती खाल्ला ते बघायला आलोय म्हणालात. मग विचारलंत, "डोलू कसा हाये?" मी म्हटलं, "जाऊन बघा ना." इतक्या तुटकपणे मी शाळेतल्या सर्वांत उनाड पोराशीही बोलत नाही. तुम्ही म्हणालात, येतो. नाही आलात. मला वाटलं, तोंड दाखवायची लाज. काकूंनी आता सांगितलं की तेव्हाच तुम्हाला जिना चढवत नव्हता. मला काय माहीत? तुम्ही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पूर ओसरल्यावर काकूंनी त्याच कंडक्टरच्या हातून तुमचं बाड पाठवलं. पुस्तकाची पक्की प्रत, नकाशे, जबाबांची वही. सोबत तुमची चिठ्ठी: इरुकगुड्याची चौकशी नव्यानं लागली आहे, नवे साहेब जुनी टिपणं मागत आहेत, हे त्यांना द्यावं. मी वही उघडली. डोलूदादाच्या जबाबाचं पान फाडलेलं होतं, आणि त्या जागी एक नवं पान डिंकानं चिकटवलं होतं. अक्षर तुमचंच, पण थरथरलेलं. 'होय, ही पहाडी आमची आहे, आमच्या वाडवडिलांपासून आमची आहे.' आणि खाली: 'त्या दिवशी दुभाषी बाई हेच सांगत असताना मी त्यांना मध्येच अडवलं, त्यामुळे उत्तर अर्धवट नोंदलं गेलं. दोष सर्वस्वी माझा.'

मी ते पान हातात धरून बसले. दोन वर्षांपूर्वी मी हेच मागितलं होतं, सर. भांडून मागितलं होतं. आणि ते समोर आलं तर मला वाटलं, कोणीतरी तुमच्या हाताला धरून लिहवून घेतलंय. मी काकूंना पत्र टाकलं, जुनं पान कुठे आहे? त्यांचं उत्तर आलं. तुम्ही ते त्यांच्यादेखत आंघोळीच्या बंबात घातलं होतं. काकूंनी विचारलं, कशाचा कागद? तुम्ही म्हणालात, कामाचा नाही. कापडाच्या चिंधीवरचं पुसट अक्षर वाचायला आठ आठ दिवस घालवणारा माणूस, त्यानं आपल्या हातानं एक अस्सल कागद जाळला. माझ्या त्या एका बोलण्यानं तुम्हाला तिथवर नेलं का? की रैनीनं? मला विचारायचं होतं. आता कोणाला विचारणार?

मी ते पान तसंच साहेबांकडे नेऊ शकले असते. पण तुम्हीच लावलेली सवय आडवी आली. ज्याचं बोलणं त्याला वाचून दाखवल्याशिवाय पुढे न्यायचं नाही. मी इरुकगुड्याला गेले. उंगी अंगणात कोसरी कांडत होती. तिनं मान वर केली नाही, पण उठूनही गेली नाही. डोलूदादा आता फार थकलाय, ऊन येईल तिकडे सरकत बसून असतो. मी सांगितलं, कागदभाऊ गेले. त्यानं हातातली तंबाखू खाली ठेवली. मग मी वाचून दाखवलं.

"हे मी नाई बोललो," तो म्हणाला.

"नाही बोललात."

"मंग कोण बोललं?"

"सरांनी लिहिलं. जायच्या आधी."

उंगीचं मुसळ थांबलं होतं. "तो तं कोणाचं बोलणं बदलवत नोता," डोलूदादा म्हणाला. "माह्या बहिणीची शिवी नाई बदलवली त्यानं." ती म्हातारी त्याची बहीण होती, हे मला तेव्हा कळलं. "लय जड गेलं असन त्याले."

मी म्हटलं, दादा, हा कागद मी देणार नाही. तुम्ही काय ते तुमच्या मनानं बोला, मी तसंच सांगीन. खरंच तसं ठरवून गेले होते. तुमच्यासाठी का डोलूसाठी का स्वतःसाठी, ते नका विचारू.

तो म्हणाला, "दे कागद. मेलेल्या माणसाचं लिहिणं खोटं पाडाचं नाई. मी बोलतो तसा."

उंगीनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. थोड्या वेळानं आतून पाण्याचा लोटा आणून माझ्या पुढ्यात ठेवला.

चौकशी मागच्या आठवड्यात झाली. टेबल त्याच अंगणात, साहेब दुसरे. प्रश्न तोच. मी माडियात विचारला. डोलूदादा उठून उभा राहिला, मागच्या वेळी तो बसून बोलला होता. त्यानं पहाडीकडे पाठ केली. मग म्हणाला, "हो. माही हाये."

आमची नाही म्हणाला, सर. माही म्हणाला. तुम्ही आमची लिहिलं होतं. त्याला पाठ झालं नव्हतं की त्याला वाटलं खोटं बोलायचंच तर ते एकट्याच्या अंगावर घ्यावं, मला कळलं नाही. मी दुरुस्त केलं नाही. हात वर करायला कोणी नव्हतं, तरी मी जे बोलला तेच सांगितलं. साहेबांनी एका शब्दात लिहिलं, होय. मागून कोणीतरी हुश्श केलं. निकाल अजून यायचाय, पण साहेब जाताना म्हणाले, आता अडचण नसावी. पहाडीवर सागाची रोपं गुडघ्याएवढी झाली आहेत आणि त्यांच्याखाली गवत धरत नाही. तरी अर्ध्या बाजूला लावणी राहिली होती, तेवढी मिळेल. लोक खूश होते. मीही झाले, खोटं कशाला सांगू? घरी येऊन रडले तेही खरं आहे. ज्या वाक्यासाठी तुम्ही आयुष्य घातलंत ते आता तुमच्या वहीत नाही, साहेबांच्या कागदात नाही, आणि डोलूदादाच्या तोंडूनही ते आता पुन्हा निघणार नाही. माझ्या डोक्यात तेवढं आहे. म्हणून वर पूर्ण लिहिलंय, शब्द न शब्द. हवं तर तपासून घ्या.

साहेबांची जीप गेल्यावर मी डोलूदादाजवळ बसले. त्याचे दोन्ही मुलगे तिथंच टेबल आवरत होते. तो म्हणाला, "बाई, लिहिलं ना त्याईनं, का माही हाये म्हून?"

"लिहिलं दादा."

"मंग मी मेल्यावर ते कोणाची?"

मी म्हटलं, तुमच्या मुलाची.

"कोण्या मुलाची?"

सर, टेबलाचं एक टोक थोरल्याच्या हातात होतं, दुसरं धाकट्याच्या. दोघांनी ते खाली ठेवलं आणि एकमेकांकडे बघितलं.